बीजभाषण कोणाला द्यावे?

पर्यावरण, शाश्वत विकास आणि भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले जीआयएस, या विषयांवरच्या परिषदा आता जिल्ह्याच्या ठिकाणची महाविद्यालयेही भरवतात. परिषदेचा सूर बीजभाषणात लागतो आणि पुढचे शोधनिबंध, चर्चा, ठराव बहुधा त्याच सुरात जातात. म्हणून बीजभाषक कोणत्या व्यवसायातून आला आहे, हा प्रश्न निमंत्रणपत्रिकेवर छापायच्या पदव्यांपुरता उरत नाही. माणूस ज्या कामात आयुष्य घालवतो ते काम त्याची नजर घडवते; काही गोष्टी ठळक दिसू लागतात, काही नजरेआड होतात. एकाच पेशातल्या माणसांना वर्षानुवर्षे हा मान दिला, तर त्या पेशाला न दिसणारे प्रश्न परिषदेत येतच नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात याचा पुरावा जागोजागी आहे.

मुळात ही क्षेत्रे वेगवेगळ्या पेशांतल्या माणसांनीच उभी केली. लंडनमधल्या १८५४ च्या पटकीच्या साथीत मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडून दूषित पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवणारे जॉन स्नो हे डॉक्टर होते. १९६० च्या दशकात कॅनडाच्या जमिनींची नोंद संगणकावर आणून जीआयएसचा पाया घालणारे रॉजर टॉमलिन्सन भूगोलतज्ज्ञ, तर १९६९ मध्ये एस्री कंपनी काढणारे जॅक डेंजरमंड भूदृश्यरचनेचे विद्यार्थी होते. शाश्वत विकासाची जी व्याख्या आज जगभर उद्धृत होते ती एका आयोगाच्या १९८७ च्या अहवालातली, आणि त्या आयोगाच्या अध्यक्ष ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या पेशाने डॉक्टर व पुढे नॉर्वेच्या पंतप्रधान झाल्या. यातला प्रत्येक जण आपल्या पेशातला प्रश्न घेऊन आला आणि त्यातून सर्वांच्या कामाचे साधन तयार झाले.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम घाटाचे आहे. २०१० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ होते. केंद्राने या समितीला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा खास विचार करायला सांगितले होते. समितीने सारा घाट सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागला, जीवसृष्टी, चढ-उतार, जंगल अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाची संवेदनशीलता ठरवली आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून आखाव्यात, असे २०११ च्या अहवालात सुचवले. त्यानंतर याच घाटासाठी नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्ष डॉ. के. कस्तुरीरंगन अवकाशशास्त्रज्ञ आणि इस्रोचे माजी अध्यक्ष. त्यांच्या २०१३ च्या अहवालाने २४ मीटर तपशिलाची उपग्रहचित्रे वापरली, नैसर्गिक भूदृश्य आणि शेती-वस्तीचे भूदृश्य वेगळे केले आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. डोंगर तोच, पण प्रश्न बदलला: एकाने विचारले, इथे काय जगते आणि निर्णय कोणी घ्यावा, दुसऱ्याने विचारले, वरून पाहता नैसर्गिक आच्छादन नेमके कुठे उरले आहे. दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. दोन्ही समित्यांत इतर शास्त्रांचे जाणकार होते, गाडगीळ समितीत तर अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालकही होते. तरी अध्यक्षाच्या पेशाची छाप अहवालाच्या मांडणीवर दिसतेच.

आता रत्नागिरीचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची पठारे, घ्या. महसुली दप्तरात अशी कातळाची जमीन पोटखराबा म्हणून नोंदली जाते आणि उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात ती उघडीबोडकी दिसते. पण पहिल्या पावसात याच जांभ्यावर डिपकाडी कोंकणेन्स ही रत्नागिरीच्या परिसराची खास वनस्पती फुलते आणि पाठोपाठ सीतेची आसवे, गेंद यांचे ताटवे येतात. नेमक्या त्याच महिन्यांत आकाश ढगांनी भरलेले असते आणि साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला खालचे काही दिसत नाही. ढगांतून पार जाणारे रडार आहे, पण ते फुलाची जात सांगत नाही; त्यासाठी पावसात सड्यावर वाकून पाहणारा वनस्पतितज्ज्ञच लागतो. कातळशिल्पांचेही तसेच. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे कोरलेली आहेत. पण २४ मीटर तपशिलाच्या चित्रात तो अख्खा हत्ती एका ठिपक्यात मावतो. ही शिल्पे जगापुढे आणली ती सुधीर रिसबूड या अभियंत्याने, धनंजय मराठे यांनी आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात भूगोल शिकवणारे डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी, गावोगावच्या गुराख्यांना आणि वडीलधाऱ्यांना विचारत, पायी फिरून. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पस्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात याच जिल्ह्यातली आहेत.

किनाऱ्यावर जाणकार आणि गावकरी यांचे सहकार्य आणखी स्पष्ट दिसते. वेळासला २००२ पासून भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. जानेवारी २०२२ मध्ये याच वेळासच्या किनाऱ्यावरून ‘प्रथमा’ ही मादी पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर घेऊन समुद्रात गेली. तिचा माग दाखवणारा नकाशा भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काढला. पण मादी वाळूवर कधी येते, हे वर्षानुवर्षे टिपून ठेवणारी माणसे गावची होती. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी आढळली. ती मार्च २०२१ मध्ये ओडिशात बसवलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगळी असतात, या समजुतीला त्या लहानशा पट्टीने धक्का दिला, आणि ती वाचली किनाऱ्यावर हजर असलेल्या माणसांनी.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की बीजभाषणाला विषयाचा आवाका लागतो. एका किनाऱ्याचा किंवा एका सड्याचा अनुभव पुरा पडत नाही. आवाका हवाच, आणि प्राध्यापक, शास्त्रज्ञ तो देतात. त्यांना वगळा, असे कोणीच म्हणत नाही. पण सामान्य सिद्धान्त जमिनीवर कुठे अडतो हे सांगणेही बीजभाषणाचेच काम आहे. दुसरा आक्षेप असा की स्थानिक माणसाचे हितसंबंध असतात. ते असतात, तसेच सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या संचालकाचे आणि प्रकल्पाला सल्ला देणाऱ्याचेही असतात. म्हणून वक्त्याने कोणासाठी काम केले, हे सर्वांच्याच बाबतीत आधी जाहीर व्हावे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पेशा म्हणजे माणूस नव्हे; गाडगीळ हार्वर्डहून आले, तरी रानावनांत आणि गावकऱ्यांत रमले. खरेच आहे. पण म्हणूनच निवड पदनाम पाहून न करता, त्या माणसाने कोणत्या भूमीवर किती काळ काम केले हे पाहून करावी. आज निवड होते ती बहुतेक पदनामावर.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात परिषद भरवणाऱ्या महाविद्यालयांनी, विद्यापीठांनी आणि संस्थांनी एवढे तरी करावे. बीजभाषणाचा मान दोघांत वाटावा: एक नकाशा करणारा, दुसरा त्या नकाशातली जमीन पायांनी ओळखणारा, मग तो कासवमित्र असो, सड्यावर फिरणारी वनस्पतितज्ज्ञ असो की मच्छीमार संस्थेचा जाणता सभासद. दोघांना सारखा वेळ, सारखे मानधन आणि एकच व्यासपीठ द्यावे. दुसऱ्याची बोळवण दुपारच्या सत्रात, सत्काराची शाल देऊन करू नये. आणि पत्रिकेत पदव्यांच्या खाली एक ओळ प्रत्येकाच्या कामाच्या जागेची असावी. ती ओळ कोरी राहणार असेल, तर त्या नावाचा आयोजकांनी पुन्हा विचार करावा.