उघाडीचं दार कोण राखतं?

मुलांनो, मुंबईहून अटल सेतूवरून कधी आलात का? १२ जानेवारी २०२४ला हा पूल सुरू झाला. शिवडीला पुलावर चढायचं आणि जवळजवळ बावीस किलोमीटरनंतर चिर्ले गावापाशी उतरायचं. किनारा जवळ आला की सगळ्यांची बोटं न्हावा-शेवा बंदराच्या उंच उंच क्रेनकडे वळतात. वळू देत. आज आपण मात्र खाली बघायचं. खाली काळाभोर चिखल आहे, खारफुटीची हिरवीगार झाडी आहे आणि तिच्यातून नागमोडी शिरणाऱ्या पाण्याच्या वाटा आहेत. पाणी दिवसातून दोनदा त्या वाटांनी आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. आपली आजची गोष्ट या पाण्याची आणि त्याला अडवणाऱ्या एका दाराची.

न्हावा आणि शेवा ही खरं तर दोन गावं. न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा शेजारच्या उरण तालुक्यातलं; दोन्ही आगरी आणि कोळी लोकांची. इथलं बंदर सुरू झालं २६ मे १९८९ला. त्याच्या कितीतरी आधीपासून या भागातली माणसं मासेमारी करायची, मिठागरं चालवायची आणि भातही पिकवायची. आता तुम्ही म्हणाल, समुद्राच्या इतक्या जवळ भात? खाऱ्या पाण्यात भात कसा येईल?

नाहीच येत! म्हणून तर दार लागतं.

देशावर म्हणजे घाटाच्या वर कालवा असतो तो पाणी शेतात आणण्यासाठी. इथे उलटं आहे. पावसाळ्यात आभाळातून इतकं पाणी पडतं की ते बाहेर घालवायची वाट लागते, आणि त्याच वाटेने समुद्र आत घुसायला टपलेला असतो. पाण्याला बाहेर तर जाऊ द्यायचं, पण आत येऊ द्यायचं नाही. ही अडचण कोकणातल्या माणसांनी फार जुन्या काळी सोडवली. खाडीच्या काठाने चिखलमातीचा लांबलचक बांध घालायचा. त्याला म्हणतात बाहेरकाठा. त्या बांधात पाण्याच्या वाटेवर एक तोंड ठेवायचं. ही उघाडी. उघाडीला वरून टांगलेलं एक लाकडी दार असतं आणि ते फक्त खाडीच्या बाजूला उघडतं. भरती आली की बाहेरचं पाणी दाराला ढकलतं आणि दार गच्च मिटतं. ओहोटी लागली की खाडीचं पाणी खाली जातं, आतलं पाणी दाराला रेटतं आणि दार उघडतं. वीज नको, मोटर नको, पहारेकरी नको. समुद्रच आपल्या हाताने दार लावून घेतो, बरं का!

पण पहारेकरी नको हे म्हणणं तितकंसं खरं नाही. दारात एखादं लाकूड अडकलं, तर ते पुरतं मिटत नाही आणि फटीतून खारं पाणी आत येतं. बांधाचं तर त्याहून अवघड. बांध मातीचा. त्याला चिंबोऱ्या बिळं पाडतात, लाटा पायथा पोखरतात. बीळ मोठं होत जातं आणि एखाद्या पुनवेच्या उधाणाला बांध फुटतो. त्याला खांड पडली म्हणतात. सकाळी बघावं तर सगळ्या शेतात खाडीचं पाणी! ते वर्ष तर जातंच, पण मीठ मातीत मुरल्यामुळे पुढची काही वर्षंही पीक धड येत नाही.

आता यातली मेख बघा. खांड पडते एका माणसाच्या शेतापाशी, पण पाणी शिरतं सगळ्यांच्या शेतात. मी माझ्यापुरता बांध मजबूत केला आणि शेजाऱ्याने आळस केला, तर माझ्या कष्टाचा काय उपयोग? म्हणून बांध राखायचा तर सगळ्यांनी मिळूनच राखायला हवा. रायगड जिल्ह्याच्या खारपाटात या एकत्र कामाला 'जोळ' म्हणत. पावसाळ्याच्या आधी घरटी माणसं फावडी-घमेली घेऊन बांधावर जमायची. मजुरी नाही आणि कुणावर उपकारही नाही. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याचे हात बांधावर.

मात्र सगळीकडे असा सरळ कारभार नव्हता. काही ठिकाणी एखाद्या धनवंताने पैसा घालून खाजण कसायला आणलेलं असायचं. त्याला शिलोत्रीदार म्हणत. बाहेरचा बांध राखणं त्याचं काम, आणि त्याबद्दल तो कुळांकडून भात घ्यायचा. त्याने भात घेतला आणि बांधाकडे पाठ फिरवली, तर कुळांचे हाल. बांधाचं काम कुणाचं आणि पीक कुणाचं, हा प्रश्न जुना आहे.

हेच दार गोव्यातही आहे. तिथे त्याला 'मानस' म्हणतात आणि बांधाआडच्या जमिनीला खाजन. तिथल्या गावांनी एक युक्ती केली होती. पाणी बाहेर जाताना दाराशी मासे आणि कोळंबी भरपूर मिळते. ती पकडण्याच्या हक्काचा लिलाव करायचा आणि आलेल्या पैशातून बांध राखायचा. मासा बांधाचा खर्च भागवी! पण मग काही लिलाव घेणाऱ्यांना लोभ सुटला. दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर मासे जास्त येतात ना! आणि माशांबरोबर येतं खारं पाणी. भातवाला आणि मासेवाला यांची भांडणं झाली ती अशी.

समुद्राशी भांडणारा सगळ्यांत नावाजलेला देश म्हणजे नेदरलँड्स. त्याचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे तेराव्या शतकापासून बांध आणि कालवे राखणारी पाणी-मंडळं आहेत आणि आजही लोक मतदान करून त्यांचे सभासद निवडतात. जुन्या काळी त्या किनाऱ्यावर एक कडक रिवाज होता. आपल्या वाट्याचा बांध राखणं ज्याला जमेना, त्याने आपलं कुदळ-फावडं बांधात रोवायचं आणि जमीन सोडून जायचं. जो ते उपसून काढील, त्याची जमीन आणि त्याच्याच डोक्यावर बांधाची जबाबदारी. किती कठोर! पण ज्या गावाचा जीव एका बांधावर टांगलेला, तिथे दयेचे लाड परवडत नसावेत.

आपल्याकडे १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ साली नवा आला. मोठे बांध बांधण्याचं आणि दुरुस्तीचं काम सरकारकडे गेलं. हे चांगलं झालं, कारण दगडी पिचिंग आणि सिमेंटची उघाडी गावाला एकट्याने झेपणारी नव्हती. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने तर खारट जमिनीत तग धरणारे 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' असे भाताचे वाणही काढले. पण माझं मत विचाराल तर एक गोष्ट हातची निसटली. पूर्वी बांधाला बीळ दिसलं की बघणाराच चिखलाचा गोळा कोंबायचा. आता अर्ज लिहितात. अर्ज कचेरीत पोचेपर्यंत बिळाची खांड होते. कचेरी हवीच, पण रोज बांधावरून चालणारे पायही हवेत. अलिबागकडे शहापूर-धेरंडच्या बाजूला बांध फुटला की गावकरी अजूनही श्रमदानाला उतरतात, ते उगीच नाही.

आणखी एक गुंता आहे, आणि तो आई-बाबांनीही वाचावा असा आहे. खांड वर्षानुवर्षं बुजवलीच नाही, तर शेतात खारफुटी उगवते. खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. ती लाटांचा जोर मोडते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. पण मग शेतकऱ्याचं शेत गेलं ते गेलंच. उलट बाजूही बघा. उरणजवळ पाणजे इथे मोठी पाणथळ जागा आहे. दूरदूरचे पक्षी तिथे उतरतात. तिथे भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या जातात, अशी तक्रार पर्यावरणप्रेमी संघटनांनी वारंवार केली आहे. म्हणजे एकच दार भातशेतीसाठी मिटलेलं हवं आणि पाणथळीसाठी उघडं! कुठलं दार केव्हा मिटायचं, हे तिथल्या शेतकऱ्याला, कोळ्याला आणि पक्षी बघणाऱ्याला एकत्र बसवल्याशिवाय कसं ठरणार?

तुम्ही शहरात राहता आणि तुमचं शेत नाही, म्हणून हे आपल्याला नको असं समजू नका. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून शहर वसवताना खाडीकाठी मोठमोठे धारण तलाव केले आणि त्यांना दारं बसवली. भरतीला दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. ओळखलंत ना? आपली उघाडीच ती, मोठी झालेली! या तलावांत गाळ साचलाय, काहींत खारफुटीही वाढली आहे. वर नाल्यांतून येणाऱ्या पिशव्या, बाटल्या आणि थर्माकोल आहेच. २६ जुलै २००५च्या पावसात गाढी नदीने पनवेलमध्ये काय हाहाकार केला, ते घरच्या मोठ्यांना विचारा.

सध्या सुट्टीच्या दिवशी नवी मुंबईच्या खाडीकाठी हातमोजे घालून कचरा वेचणारे तरुण दिसतात. तुम्हालाही त्यांच्यात जायचं असेल तर मोठ्या माणसांबरोबर, ओहोटीला आणि पक्के बूट घालून जा. चिखल दिसतो त्याहून खोल असतो आणि भरती पाठीमागून कधी येते ते कळत नाही. काहीच नाही तर वही घेऊन जा. आपल्या भागातली उघाडी किंवा नाल्याचं दार कुठे आहे, ते पुरतं मिटतं का, त्यात काय अडकलंय, हे तारीख घालून लिहा. शाळेतल्या पाच जणांनी महिनाभर असं लिहिलं, तर ती वही ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत दाखवता येईल.

जायची वेळ कशी ठरवायची? कोकणातला जुना हिशोब सांगतो. कॅलेंडरवर तिथी बघा, तिला ३ने गुणा आणि ४ने भागा. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी पुरती लागते. समजा, या रविवारी चतुर्थी आहे. मग भरती दुपारी तीनला, म्हणजे त्याआधीची ओहोटी सकाळी नवाच्या सुमाराला. आठ वाजता बांधावर पोचलात तर पाणी दार ढकलून खाडीकडे धावताना दिसेल. दारात कुणाची चप्पल अडकलेली नसेल, तर.