दिवसा शेळ्या, रात्री संसद

शेळ्या राखणारी, धाकटी भावंडं सांभाळणारी मुलं शाळेत जाणार कधी? राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात तिलोनिया गावी बंकर रॉय यांनी १९७२ साली सुरू केलेल्या संस्थेने त्यांच्यासाठी रात्रशाळा काढल्या. कंदिलाच्या उजेडात भरणाऱ्या या शाळांत मुलीच अधिक.

१९९३ मध्ये या मुलांनी मतदान करून आपली बालसंसद निवडली. मास्तर येतात का, दिवे पेटतात का, हे खासदारांनी पाहायचं आणि चुकलं तर मोठ्यांना जाब विचारायचा! आपल्याकडे वर्गप्रमुख म्हणजे फळ्यावर दंगेखोरांची नावं लिहिणारा. मास्तरांच्या उशिराबद्दल तो चकार शब्द काढील?

२०११ च्या एका भाषणात रॉय यांनी सांगितलेला किस्सा ऐका. सकाळी वीस शेळ्या राखणारी बारा वर्षांची पंतप्रधान पुरस्कार घ्यायला स्वीडनला गेली. गावाबाहेर ती पहिल्यांदाच पडली होती, पण जराही बुजली नाही. तिथल्या राणीने रॉय यांना विचारलं, हिला एवढा आत्मविश्वास आला कुठून? मुलीने राणीच्या नजरेला नजर दिली आणि रॉय यांना म्हणाली, मी पंतप्रधान आहे, हे त्यांना सांगा.