गिटार दिसतेय, ऐकू का येत नाही?

पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारा अ‍ॅम्प मॉडेलर घेतलात, शेकडो टोन हाताशी आले. पण गिगला ते ऐकवणार कशातून? स्पीकरवर पगार उधळण्याआधी हे वाचाच!

शनिवारची रात्र. पुण्यातला एक छोटासा पब. स्टेजवर माझा मित्र. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग, वीकेंडला बँड. तीन महिने पैसे साठवून त्याने नवाकोरा मॉडेलर घेतला होता. दोन आठवडे हेडफोन लावून, रात्र रात्र जागून टोन बनवले होते. त्यात आई-बाबा पहिल्यांदाच त्याचा गिग बघायला आलेले. गाणं सुरू झालं, सोलो आला, साहेबांनी डोळे मिटले, बोटं सुसाट सुटली आणि... गिटार गायब! ड्रम्स ऐकू येतायत, बेस ऐकू येतोय, गिटार मात्र कुठेतरी लांबवर माशी गुणगुणल्यासारखी. हा खुणा करतोय, ‘दादा, मॉनिटरमध्ये गिटार वाढवा ना!’ साउंडवाले दादा हात हलवून नाही म्हणतायत. मॉनिटर एकच, तोही गायिकेसमोर.

घरी जाताना बाबा म्हणाले, ‘छान झालं रे. तू वाजवत होतास ना? हात हलताना दिसत होते.’

दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या मॉडेलर विकायला निघाला होता. दोष बिचाऱ्या मॉडेलरचा नव्हताच!

गाळणी एकच हवी

जुना मामला सरळ होता. गिटार, अ‍ॅम्प, स्पीकर कॅबिनेट, समोर माइक. मार्शलचं चार बारा-इंची स्पीकर्सचं कॅबिनेट ३५ किलोच्या आसपास भरतं. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधून ते उतरवून दाखवा! त्यामुळे १९९८ मध्ये लाइन सिक्सचा घेवड्याच्या आकाराचा ‘पॉड’ आला तेव्हा गिटारवाले खूश झाले. पुढे २००६ मध्ये फ्रॅक्टलचा ‘अ‍ॅक्स-एफएक्स’, २०११ मध्ये ‘केम्पर’, २०१५ मध्ये ‘हेलिक्स’ आला आणि मॉडेलर्स मोठमोठ्या स्टेजवर दिसायला लागले.

ही डबी नक्कल करते ती फक्त अ‍ॅम्पची नाही. कॅबिनेटची आणि त्यासमोरच्या माइकचीही. इथेच खरी मेख आहे. गिटारचा स्पीकर साधारण ८० ते ५००० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट वाजवतो. त्याच्या वरचं तो जवळपास गाळून टाकतो. म्हणून तर डिस्टॉर्शन कानाला गोड लागतं! मॉडेलरमध्ये हीच गाळणी ‘कॅब सिम्युलेशन’ किंवा ‘आयआर’ या नावाने असते.

आता ही गाळणी चालू ठेवून तुम्ही गिटारच्या कॅबिनेटमध्ये वाजवलंत, तर आवाज दोनदा गाळला जातो. वर गोधडी टाकल्यासारखा दबतो. उलट गाळणी बंद करून साध्या पीएमध्ये वाजवलंत, तर शेजारी मिक्सरवर चटणी वाटतायत असं वाटतं. म्हणून फंडा सिंपल आहे: गाळणी एकच हवी. दोन नकोत, शून्यही नको.

पर्याय तीन, स्वभाव वेगवेगळे

पहिला, काहीच विकत न घेणं! मॉडेलरची केबल थेट हॉलच्या मिक्सरला. कॅब सिम्युलेशन चालू. तुम्हाला ऐकायला स्टेज मॉनिटर किंवा कानात इन-इअर. खर्च कमी, सामान शून्य. पण मग तुमचं नशीब हॉलच्या सिस्टिमच्या हातात. माझ्या मित्राने त्या रात्री हेच केलं होतं.

दुसरा, एफआरएफआर, म्हणजे फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स. अ‍ॅम्प आतच असलेला, सगळे सूर शक्यतो समान वाजवणारा स्पीकर. हेडरशचा एफआरएफआर-११२, २०१८ मध्ये आलेला लाइन सिक्सचा ‘पॉवरकॅब’, २०२३ चा फेंडर ‘टोन मास्टर एफआर-१२’ हे खास गिटारवाल्यांसाठीचे. क्यूएससी किंवा यामाहाचा चांगला पॉवर्ड पीए स्पीकरही तेच काम करतो. इथेही कॅब सिम्युलेशन चालूच. फायदा असा, की लोकांना साधारण जे ऐकू जातं तेच तुम्हालाही येतं. अकूस्टिकचा टोनही नीट वाजतो. तोटा? समोर अ‍ॅम्प ठेवल्याचा फील येत नाही. माइकमधून रेकॉर्ड झालेली गिटार ऐकतोय असं वाटतं. काहींना ते पटता पटत नाही.

तिसरा, छोटा पॉवर अ‍ॅम्प आणि गिटारचं खरंखुरं कॅबिनेट. कॅब सिम्युलेशन बंद. छातीवर येणारा तो धक्का हवा असेल तर याला तोड नाही. घरी जुना अ‍ॅम्प असेल आणि त्याला इफेक्ट्स रिटर्नचा जॅक असेल, तर त्यातून आधी फुकटात ट्राय करा. पण कॅबिनेटमध्ये सेलेशनचा ‘व्हिंटेज ३०’ असेल, तर तुमच्या सगळ्या टोन्सना त्याचाच रंग लागणार. हजार भाज्या, मसाला एकच!

वॉटच्या आकड्यांना भुलू नका

खोक्यावर ‘२००० वॉट’ लिहिलं की आपण गार. पण तो बहुतेक वेळा ‘पीक’, म्हणजे क्षणभराचा आकडा असतो. सलग किती वॉट मिळतात ते विचारा. त्याहून महत्त्वाचं, जास्तीत जास्त किती डेसिबल ते बघा. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट!

खरा व्हिलन: बेडरूम

आता आपल्या मित्राच्या घोटाळ्याकडे येऊ. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून घरी, हळू आवाजात आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड कापतो. मस्त वाटतं! तोच टोन गिगच्या आवाजात नेला, की बेस जातो बेस गिटार आणि किक ड्रमच्या गर्दीत, ट्रेबल कानात घुसतो किंवा झांजांमध्ये हरवतो. आणि गिटारचं खरं घर असलेला मिड? तो तर तुम्हीच कापलेला!

यावर जगातला कुठलाही महागडा स्पीकर औषध नाही. टोन बनवायचा तो गिगच्या आवाजात, ड्रमर शेजारी वाजवत असताना. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, ५ ते ८ हजारांच्या वरचं कापा, मिड परत आणा. मग कान सांगतील तसं बदला.

दुकानात जाण्यापूर्वी

स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा स्पीकर कोणासाठी? हॉलमध्ये चांगला पीए असेल तर लोकांची काळजी तो घेतो, स्पीकर फक्त तुमच्या कानांसाठी हवा. पीए फक्त गायकापुरता असेल, तर तुमच्या स्पीकरला शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचंय. त्याचा दमही तेवढाच मोठा हवा.

स्वतःचा मॉडेलर आणि स्वतःचे टोन घेऊन जा. स्पीकर जमिनीवर सरळ ठेवून ऐकू नका. वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, आणि गुडघ्यांना कान नसतात! तिरका करा, तोंड तुमच्याकडे. मॉडेलरला दोन आउटपुट असतील तर एक मिक्सरला, एक स्पीकरला द्या. व्हॉल्यूमचं बटण फक्त स्पीकरच्या आउटपुटला लावून ठेवा, म्हणजे स्टेजवर तुम्ही आवाज वाढवलात तरी साउंडवाल्या दादांचं गणित बिघडत नाही. आणि हो, गिगला पोचल्यावर आधी त्या दादांना भेटा. चहा पाजलात तर उत्तमच!

माझ्या मित्राने काय केलं? मॉडेलर विकला नाही. दोन तास जॅमरूम भाड्याने घेतली, ड्रमरला बसवलं आणि सगळे टोन नव्याने बनवले. निम्मा प्रॉब्लेम तिथेच सुटला. उरलेल्या निम्म्यासाठी एक बारा-इंची एफआरएफआर घेतला. तोही एका गिगला मित्राकडून उसना आणून, वाजवून बघितल्यावरच.

पुढच्या गिगला आई-बाबा परत आले. सोलो संपल्यावर बाबा टाळ्या वाजवत होते. घरी जाताना म्हणाले, ‘आज ऐकू आलं हो. तो मधला एक सूर चुकला, तोसुद्धा!’