आधी मंजुरी, मग मोजणी!

न्यायाधीशाने आधी निकाल द्यावा आणि मग साक्षीदार तपासायला घ्यावेत, तर त्याला आपण न्याय म्हणू काय? ग्रेट निकोबार बेटाच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे.

अंदमान-निकोबारच्या दक्षिण टोकाचे हे बेट दाट सदाहरित जंगलाचे आहे. चहूकडून समुद्र असल्याने इथले अनेक जीव जगात दुसरीकडे सापडत नाहीत. ते इथून गेले की जगातून गेले. इथला मेगापोड पक्षी अंड्यांवर बसत नाही. माती व पालापाचोळ्याचा ढीग रचून तो त्यात अंडी पुरतो; कुजणाऱ्या पाल्याच्या उबेने पिल्ले बाहेर येतात. गलाथिया उपसागराच्या वाळूत लेदरबॅक हे जगातले सर्वांत मोठे समुद्री कासव रात्री अंडी घालायला येते, तेही वर्षातले मोजकेच महिने.

अशा जंगलाची पाहणी एका फेरीत होत नसते. कोणी पावसाळ्यातच दिसतो, कोणी रात्रीच हिंडतो, कोणी झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरत नाही. एका हंगामात दिसला नाही म्हणून तो नाहीच, असे कागदावर लिहिणे मात्र फार सोपे असते!

गलाथिया अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. बंदर, विमानतळ, वीजकेंद्र व नवे नगर यांच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती होणार. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आपल्या आदेशात उणीव नोंदवली की, तीन हंगामांची माहिती हवी असताना एकाच हंगामाची गोळा केली आहे. तरीही मंजुरी रद्द झाली नाही, एक समिती नेमली गेली. वन्यजीवांचे दीर्घ अभ्यास कुठे आले? मंजुरीनंतर पाळायच्या अटींमध्ये!

या जंगलात शोंपेन आदिवासी राहतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९ होती. कोणत्या ऋतूत कोणता जीव कुठे असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण त्यांची साक्ष कोणी काढली? निकोबारी लोकांच्या आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेली संमती नोव्हेंबरमध्ये लेखी मागे घेतली. २००६ चा वनहक्क कायदा जंगलावरचा निर्णय ग्रामसभेला विचारून घ्या असे सांगतो. तो कायदा या बेटापुरता मिटवून ठेवला आहे काय?

जातनिहाय गणनेसाठी वर्षानुवर्षे भांडलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. ज्याची नोंद नाही, त्याचे नुकसानही नाही आणि भरपाईही नाही. म्हणून मोजणी कोण करतो आणि कधी करतो, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही, तो हक्काचा प्रश्न आहे. झाडे पडल्यावर केलेल्या मोजणीला पाहणी म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात.