तळ्याच्या गाळात बारा हजार पावसाळे

लडाखमधला त्सो मोरिरी तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. भोवती उघडेबोडके डोंगर, काठावर कोरझोक गाव आणि कुरणांत चांगपा मेंढपाळांची जनावरे. डोंगरातले ओढे तलावाला येऊन मिळतात, पण पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन जाते, गाळ तळाशी बसतो. उन्हाळी मान्सून आणि हिवाळी पश्चिमी वारे या दोघांच्याही सीमेवर असल्याने पाऊस थोडा जरी मागेपुढे सरकला, तरी इथल्या गाळात ते उमटते.

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ सालची. म्हणजे देशभरातल्या पावसाची शिस्तशीर मोजदाद जेमतेम दीडशे वर्षांची. त्यामागचा मान्सून शोधायचा, तर अशा तलावांचा तळ गाठावा लागतो.

त्यासाठी पाण्यावर तराफा स्थिर करून खाली पोकळ नळी सोडतात. नळीतल्या दट्ट्यामुळे मऊ गाळ दबत नाही आणि थरांचा क्रम न मोडता वर येतो. या दंडगोलाला गाभा म्हणतात. त्सो मोरिरीत शंभर मीटरहून खोल पाण्याखालून काढलेल्या सुमारे ७ मीटरच्या गाभ्यात १२,००० वर्षे सामावली आहेत. सरासरी काढली तर बोटाच्या पेराएवढ्या गाळात चाळीसेक पावसाळे. नमुना घेताना हात हलला, की दशके एकमेकांत मिसळतात.

प्रयोगशाळेत गाभा उभा चिरतात. एक भाग पुढच्या संशोधकांसाठी शीतगृहात राखून ठेवतात, दुसऱ्यावर काम सुरू होते. आम्लांनी खनिजे विरघळवली, की चिवट कवचाचे परागकण मागे उरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायचे आणि मोजायचे. या उंच, कोरड्या प्रदेशात आपल्या दवण्याच्या प्रजातीतल्या आर्टेमिसियाचे पराग वाढले, तर ओलावा वाढला असे समजतात. चाकवताच्या कुळातले वाढले, तर कोरडेपणा. गाळातल्या चुनखडीतला ऑक्सिजनही बोलतो. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन जास्त निघून जातो आणि जड मागे साचतो.

मात्र यातला प्रत्येक साक्षीदार चकवू शकतो. लडाखमध्ये पाइनची जंगले नाहीत, तरी त्यांचे पराग वाऱ्यावर वर येऊन तळ्यात पडतात. पाऊस घटला तरी बर्फ वितळून तलाव भरू शकतो. खडकांतला जुना कार्बन पाण्यात मिसळला, तर वय मोजण्यासाठी वापरला जाणारा कार्बन-१४ गाळाचे वय फुगवून सांगतो. म्हणून जमिनीवरच्या झाडांच्या पानाकाड्यांचे अवशेष मिळाले, तर त्यांचे वय स्वतंत्रपणे काढतात. निरनिराळे पुरावे एकाच दिशेने बोलू लागले, तरच निष्कर्ष मांडायचा, ही या विद्येची शिस्त. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेत पराग ओळखण्याची ही परंपरा दशकानुदशके जोपासली गेली.

या शिस्तीतून मिळालेले उत्तर मोठे आहे. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असे. आज ती जानेवारीत जवळ असते. त्या जुन्या काळी आशियाची जमीन अधिक तापे आणि मान्सून जोरात आत शिरे. पुढे कक्षेची ही स्थिती बदलत गेली, तसा तो ओसरला.

ओसरताना तो मोठे झटके देत गेला. बुलढाण्यातल्या लोणार विवरातल्या तलावाच्या सुमारे १० मीटर गाभ्यात गेलुसाइटचे स्फटिक सापडले. खारे पाणी आटून दाट झाले, की ते बनतात. ते मिळाले सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरे पहिल्या काळाच्या अखेरीस ओस पडत होती. ती केवळ पावसामुळे उठली का, यावर वाद आहे. पण मान्सूनची तूट शतकानुशतके टिकू शकते, हे लोणारने महाराष्ट्राच्या मातीतच दाखवले.

आपण मात्र धरणे आणि पिके शतकभराच्या आकड्यांवर बेततो. उद्याच्या पावसाचे भाकीत करणारी संगणकीय प्रारूपे विश्वासार्ह आहेत का, हेही जुना मान्सून त्यांना नीट दाखवता येतो का यावरूनच तपासता येते. ही कसोटी तलावांच्या तळाशी आहे आणि गाळ काढताना एकदा उपसलेला थर परत बसवता येत नाही. म्हणून कोणत्याही जुन्या नैसर्गिक तलावाचा तळ खोदण्याआधी त्यातून एक गाभा काढून राखून ठेवणे सक्तीचे व्हायला हवे.