आधी हक्क, मग मोबदला

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक दिलं. गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क 2009 मध्येच मिळाला होता. पण बांबू बाहेर न्यायचा तर परवाना वनखात्याचा लागे. त्या पुस्तकानंतर भाव, मजुरी आणि तोडीचे नियम गाव ठरवू लागलं. जंगल राखणाऱ्यांना पैसे मिळावेत, हे तोंडी सगळेच मान्य करतात. ते कुणाच्या सहीने खर्च व्हायचे, हा प्रश्न आला की राजकारण सुरू होतं.

पश्चिम बंगालमधल्या अराबारीत 1970 च्या दशकात वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी गावकऱ्यांना रोजगार आणि वनोत्पन्नात 25 टक्के वाटा देऊ केला. उजाड झालेलं सालवन पुन्हा फुटलं. 1990 च्या केंद्रीय परिपत्रकाने हीच पद्धत ‘संयुक्त वन व्यवस्थापन’ म्हणून देशभर पोचवली. मात्र बहुतेक ठिकाणी गावच्या वनसमितीचा सचिव वनकर्मचारी, आणि वाटा हाती पडायचा तो तोड झाल्यावर, वर्षानुवर्षांनी. राखण गावाची आणि मालकी सरकारची, असा तो व्यवहार होता.

परदेशांतही गाठ मालकीपाशीच बसते. कोस्टा रिकाने 1996 च्या वनकायद्याने इंधनकराचा पैसा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांकडे वळवला. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला त्यातून थेट काही मिळणं अवघड होतं. मेक्सिकोत 2003 पासून पाणलोटातली जंगलं राखण्यासाठी पैसे दिले जातात. तिथली बरीच जंगलं गावसमूहांच्या मालकीची असल्याने करार गावसभेशी होऊ शकतो.

आपल्याकडे पैसा कमी नाही. प्रकल्पांसाठी जंगल दिल्याच्या भरपाईतून साचलेल्या निधीपैकी 47,000 कोटींहून अधिक रक्कम 2019 मध्ये केंद्राने राज्यांकडे सोपवली. पण 2016 च्या भरपाई वनीकरण निधी कायद्यात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही. ज्यांच्या चराईच्या, मोहफुलांच्या जागेवर रोपवनाचं कुंपण पडतं, त्यांना त्या पैशातून मिळते ती बहुतेकदा खड्डे खणण्याची मजुरी.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने वेगळं काही दाखवलं आहे. 2012 मध्ये वनहक्क मिळाल्यावर बांबूतून गावाचं उत्पन्न सुरू झालं. तेंदूपत्त्यातूनही रोकड मिळाली असती. पण पानांसाठी झुडपं छाटली जातात, आगी लागतात, फळं राहत नाहीत. म्हणून गावाने तेंदू तोडणं बंद केलं. त्यासाठी बाहेरून कुणी पैसे दिले नव्हते. मजुरीवर नेमलेल्या राखणदाराला असा निर्णय घेता येत नाही, कारण त्याच्या हाती सोडण्यासारखं काही नसतं. म्हणून जंगलाच्या नावाने येणारा प्रत्येक रुपया ग्रामसभेच्या खात्यात, तिच्याच ठरावाने खर्च व्हायला हवा.