घराची कामे : घरच्या हातांनी की कारागिराकडून?

पावसाळा तोंडावर आला, की खेड्यापाड्यांतील कुटुंबांपुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. घराची डागडुजी घरच्या माणसांनीच उरकावी, की गवंडी, सुतार, वायरमन यांना बोलवावे? मजुरी वाचविण्याकडे कल असणे साहजिक आहे आणि त्यात गैरही काही नाही. कोकणातील कौलांची शाकारणी, मराठवाड्यातील माळवदावर पांढरी माती टाकणे, भिंतींना चुना देणे ही कामे पिढ्यान् पिढ्या घरच्या माणसांनी शेजाऱ्यांच्या मदतीने केली आहेत. तथापि आजच्या घरात सिमेंट, लोखंड, वीज आणि सेप्टिक टाकी आली आहे. तेथे होणारी चूक प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून ही निवड केवळ मजुरीच्या हिशेबावर करणे योग्य नव्हे.

निवडीची कसोटी

काम हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार करावा. चूक झाल्यास ती लगेच डोळ्यांना दिसेल काय? आणि कोणाच्याही जीवितास धोका न होता ती सुधारता येईल काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर काम घरी करण्यास हरकत नाही. चुन्याचा हात फिका पडला, तर दुसरा हात देता येतो. परंतु स्लॅबमध्ये सळई कमी पडली किंवा अर्थिंग सदोष राहिले, तर ते वरून दिसत नाही. संकट आल्यावरच ते उघडकीस येते.

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने हे दाखवून दिले. तेथील दगड-मातीच्या जाड भिंती पाहणाऱ्याला भक्कम वाटत. प्रत्यक्षात अनेक भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांस सांधणारे आरपार दगड नव्हते आणि वर माळवदाचा भार होता. भिंती फुटल्या, छपरे कोसळली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या दुरुस्ती व मजबुतीकरण कार्यक्रमात घरमालकाने काम करून घ्यावे आणि अभियंत्याने मार्गदर्शन करावे, ही पद्धत स्वीकारण्यात आली. घरच्या श्रमाला तज्ज्ञाच्या सल्ल्याची जोड देणारा हा मार्ग आजही अनुकरणीय आहे.

विजेचे काम

विजेच्या बाबतीत ही सीमारेषा नियमांनीच आखून दिली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे यांसारख्या वस्तू बदलण्याचे काम घरी करता येत असे. मात्र त्यामुळे विद्युत संचमांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये, अशी अट होती. अन्य काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करणे आवश्यक होते. पुढील काळातील सुरक्षा विनियमांतही हेच तत्त्व कायम राहिले. दिवा बदलतानाही मुख्य स्विच बंद करावा. नवी वायर ओढणे, अर्थिंग करणे किंवा पंपासाठी जोडणी करणे ही कामे मात्र जाणकाराकडेच सोपवावीत.

शौचालयाची सफाई

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरात घेतात. बंद खड्ड्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात कोरडे, दुर्गंधीरहित खत बनते आणि ते घरमालक स्वतः काढू शकतो. तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी असा खड्डा रिकामा केला होता.

सेप्टिक टाकीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी असतो. आत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचविण्यास धावलेलेही बळी पडतात. संरक्षक साधनांशिवाय अशी सफाई करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. घरमालकाने स्वतः उतरू नये आणि मजुरासही उतरवू नये. उपसा करणाऱ्या यंत्राची गाडीच बोलवावी.

घरमालकाचे कर्तव्य

कारागीर नेमला म्हणजे घरमालकाची जबाबदारी संपत नाही. भारतीय मानकानुसार एम-२० प्रतीच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यास जास्तीत जास्त ३० लिटर पाणी घालावयाचे असते. काम सोपे व्हावे म्हणून जादा पाणी ओतले, तर काँक्रीट कमजोर होते. ते ओतले जात नाही ना, हे घरच्या माणसाने उभे राहून पाहावे. साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते. या कामास पदवी लागत नाही, नित्य लक्ष तेवढे लागते. गवंडी दुसऱ्या कामावर गेल्यावर ते घरच्यांनीच करावयाचे असते.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत गवंड्यांच्या प्रशिक्षणालाही स्थान देण्यात आले. ग्रामपंचायतींनी परिसरातील प्रशिक्षित गवंडी व परवानाधारक वीज ठेकेदार यांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावावी. शिक्षकांनी वीज व सेप्टिक टाकीचे धोके मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावेत. मजुरीचे चार पैसे वाचविणे केव्हा हिताचे आणि केव्हा घातक, हे कुटुंबाला वेळेवर कळले, तर पुढील अनर्थ टळू शकेल.